इंटरनेट रखडतंय? आधी आड तपासा, मग पोहरा

दोष लाईनचा, घरातल्या राउटरचा की सरकारी सर्व्हरचा? ओळखायचे कसे आणि पैसे कुठे घालायचे

गावात पूर्वी दोन तक्रारी कायमच्या असत. एक विजेची आणि दुसरी पाण्याची. आता तिसरी आली आहे : 'नेट चालत नाही.' पी.एम. किसानच्या केवायसीसाठी मोबाईलवर ओटीपी येतो, पण तो टाकायचे पान उघडेपर्यंत त्याची मुदत टळून जाते. पोराचा परीक्षेचा फॉर्म शेवटच्या दिवशी अर्ध्यावर लटकतो. सातबारा काढायला बसावे तर नुसते चक्र फिरत राहते. मग काय, एस.टी. धरायची आणि तालुका गाठायचा. भाडे गेले, दिवसाचा रोज बुडाला आणि घरी येऊन बघावे तर नेट आपले सुरळीत चालू!

अशा वेळी माणूस तीन उपाय करतो. पहिला, पेटीवर थाप मारतो. दुसरा, कंपनीच्या नावाने शिमगा करतो. आणि तिसरा, वैतागून जास्त पैशांचा प्लॅन घेतो. या तिन्हींत तिसरा उपाय सर्वांत महाग आणि पुष्कळदा बिनकामाचा ठरतो. ठिबकच्या शेवटच्या नळीत कचरा अडकला असेल तर आपण विहिरीवर जादा हॉर्सपॉवरची मोटर बसवतो का? नाही. आधी फिल्टर बघतो, मग नळी झटकतो, मग व्हॉल्व्ह बघतो. इंटरनेटचेही तसेच आहे.

कंपनीची लाईन म्हणजे विहीर. घरापर्यंत आलेली फायबरची तार म्हणजे मेन पाईप. घरातली वाय-फायची पेटी, म्हणजे राउटर, हे वाटणीचे ठिकाण. आणि हवेतून मोबाईलपर्यंत येणारे वाय-फाय म्हणजे शेवटची नळी. आडात नाही तर पोहऱ्यात येणार कुठून, ही म्हण खरीच. पण कैक घरांत आड तुडुंब असतो आणि पोहराच गळका असतो. दोन्हीतले काय आहे, ते आधी ठरवायला हवे.

आकड्यांची गफलत

प्लॅनवर '४० एमबीपीएस' असे लिहिलेले असते. त्यातला 'बी' हा बिटचा आहे, बाईटचा नव्हे. आठ बिट मिळून एक बाईट होतो. म्हणजे ४० एमबीपीएसच्या लाईनवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी इतकाच मजकूर उतरतो. १०० एमबीचा व्हिडिओ उतरायला निदान २० सेकंद लागणारच. 'चाळीसचा प्लॅन घेतला आणि पाचच मिळतात' अशी तक्रार कुणी करत असेल तर हा हिशेब त्याला जरूर सांगा. त्याला पूर्ण मापच मिळत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग दोन दिशांचा असतो. बाहेरून घरात येणारा तो डाऊनलोड आणि घरातून बाहेर जाणारा तो अपलोड. आपण सगळे पहिलाच बघतो. पण पिकाचा फोटो चढवणे, कागदपत्रांची पीडीएफ जोडणे, व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना जनावर दाखवणे ही सगळी कामे अपलोडची आहेत. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याला स्वतःच पिकाचा फोटो चढवायची वेळ आली. तेव्हापासून हा दुसरा आकडाही आपल्या कामाचा झाला आहे. प्लॅन घेताना तो विचारून घ्यावा.

आता लागतो किती वेग? देशात ब्रॉडबँड कशाला म्हणावे याची मर्यादा पूर्वी सेकंदाला ५१२ केबी बिट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस झाली. फॉर्म भरणे, सातबारा काढणे, बाजारभाव बघणे ही कामे एवढ्याशा वेगातही होतात. चांगल्या चित्राचा एक व्हिडिओ चालायला साधारण ५ एमबीपीएस लागतात. म्हणजे चार-पाच माणसांच्या घराला ३० ते ४० एमबीपीएसची लाईन, ती खरोखर पोचत असेल तर, पुरून उरते. हजाराचा आकडा गाठायची गरज नाही.

अर्ध्या तासाची परीक्षा

दोष कुठे आहे हे ठरवायला कारागीर लागत नाही. एक लॅपटॉप, हातभर लॅनची तार आणि एक वही पुरे. लॅपटॉप घरी नसेल तर शेजारच्या कॉलेजच्या पोराचा अर्धा तास मागून घ्या.

एक : घरातल्या सगळ्या मोबाईलचे वाय-फाय बंद करा. टीव्ही आणि कॅमेरेही थोडा वेळ सोडवा.

दोन : लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचे स्वतःचे वाय-फाय बंद ठेवा आणि वेग मोजणाऱ्या कुठल्याही साईटवर वेग मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा.

तीन : आता तार काढा. मोबाईल घेऊन राउटरपासून चार-पाच फुटांवर उभे राहा, वाय-फायवर मोजा आणि लिहा. मोबाईलसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, 'मायस्पीड' नावाचे ॲप आहे, तेही चालते.

चार : जिथे बसून तुम्ही नेहमी काम करता, ओसरी असो की माडी, तिथे जाऊन पुन्हा मोजा.

पाच : हीच मोजणी सकाळी सहाला, दुपारी आणि रात्री नऊला करा.

आता वही उघडून बघा. तारेवर वेग पूर्ण आणि ओसरीवर कमी असेल तर दोष घरातल्या वाय-फायचा. तारेवरही वेग कमी असेल तर दोष लाईनचा किंवा पेटीचा. सकाळी चांगला आणि फक्त रात्रीच कमी असेल तर वरच्या बाजूला गर्दी आहे. आणि सगळीकडे वेग पूर्ण असून एकच सरकारी साईट अडकत असेल, तर तुमच्या घरी काहीच बिघडलेले नाही. तो तिकडच्या सर्व्हरवरचा भार आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सगळा महाराष्ट्र एकाच दारात उभा असतो. त्याला औषध एकच, पहाटे उठून किंवा मुदतीच्या आठ दिवस आधी काम उरकणे. त्यापायी राउटर बदलू नका.

आणखी एक खूण ध्यानात ठेवा. प्लॅन २०० चा आहे आणि तारेवर काही केल्या ९४-९५ च्या वर आकडा जात नाही, असे असेल तर तार किंवा पेटीचे भोक १०० च्या मापाचे आहे. लॅनच्या तारेत आठ बारीक तारा असतात. त्यातली एखादी तुटली किंवा उंदराने कुरतडली तर पुष्कळदा लाईन बंद पडत नाही, पण १०० वर उतरते. अशा वेळी नवी तार टाकली तरी काम भागते.

दोष घरात असेल तर

पहिले बघायचे ते राउटरची जागा. बहुतेक घरांत लाईनमन जिथून तार आत घेतो तिथेच पेटी ठोकून जातो. ती असते दाराच्या मागे, टीव्हीच्या कपाटात, नाहीतर जुन्या भिंतीच्या कोनाड्यात. वाय-फाय म्हणजे रेडिओच्या लहरी. दगड-मातीची दीड-दोन हात जाडीची भिंत त्यांना चांगलीच थोपवते. लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि पत्र्याची पार्टिशन यांच्यापलीकडे तर त्या जवळपास पोचतच नाहीत. देवघराच्या बाजूला लोखंडी कपाट आणि त्यामागे राउटर असेल तर मागच्या खोलीत नेट न येण्यात कंपनीचा काहीच दोष नाही.

म्हणून पेटी घराच्या मधोमध, माणसाच्या डोक्याच्या वर, उघड्यावर ठेवा. अँटेना उभ्या ठेवा, कारण उभ्या अँटेनातून लहरी आडव्या पसरतात. माडी असेल तर एखादी अँटेना आडवी करून बघा. फायबरची तार लांबवायची असेल तर ती स्वतः ओढाताण करून वाकवू नका, लाईनमनकडून करून घ्या. एकदा शे-दोनशे गेले तरी चालतील, पण जागा बरोबर निवडा.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. आजकालचे बरेच राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ चा पट्टा दूर जातो, भिंतीतून बऱ्यापैकी निघतो, पण वेगाला कमी. ५ चा पट्टा वेगाला जोरदार, पण दोन भिंतींत दमतो. एक लांब पल्ल्याचा बैल, दुसरा शर्यतीचा. मोबाईलमध्ये दोन नावे दिसत असतील तर राउटरच्या खोलीत ५ चे नाव धरा आणि परसदारी २.४ चे. काही पेट्या दोन्हींना एकच नाव देतात. त्यात मोबाईल लांबचाच पट्टा धरून बसला, तर नावे वेगळी करून घ्यावीत.

तिसरी, शेजाऱ्यांची. दाट वस्तीच्या गावठाणात एका आळीत दहा राउटर असतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच, १, ६ आणि ११. सगळे एकाच वाटेने निघाले तर बाजाराच्या दिवशी वेशीत गाड्या अडकतात तसे होते. राउटरच्या आतल्या पानावर जाऊन ही वाट, म्हणजे चॅनेल, बदलता येते. त्या पानाचा पत्ता आणि पासवर्ड पेटीच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो, तो ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाकावा.

त्याच पानावर आपल्या लाईनवर कोणकोण आहे याची यादी दिसते. ती एकदा वाचाच! घरात माणसे पाच आणि यादीत उपकरणे सतरा, असे निघाले तर पासवर्ड आळीभर फिरला आहे, हे समजा. शेजारधर्म आपल्याला सोडायचा नाही. पण लाईन आपल्या नावावर असते आणि तिच्यावरून कुणी काय उद्योग केला याची पहिली विचारणा आपल्याकडेच होते. पासवर्ड बदला, आणि पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नावाचे वेगळे वाय-फाय असते ते चालू करा.

चौथी, न दिसणारी गळती. गोठ्यावर, खळ्यावर किंवा कांदाचाळीवर लावलेले कॅमेरे जर चित्र इंटरनेटवर साठवत असतील, तर ते रात्रंदिवस अपलोड खात असतात. मोबाईलमधले फोटो आपोआप चढतात, टीव्ही स्वतःच्या नव्या फायली उतरवतो. यातले जे नको ते बंद करा किंवा मध्यरात्री चालेल असे लावा. कॅमेऱ्याचे चित्र आत बसवलेल्या मेमरी कार्डावर साठवले तर लाईन मोकळी होते.

पाचवी, गोठा किंवा दुसऱ्या घरापर्यंत नेट नेण्याची. यासाठी बाजारात 'रिपीटर' मिळतो. साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्याऐवजी जुना राउटर लॅनच्या तारेने जोडून 'ॲक्सेस पॉईंट' म्हणून वापरला तर वेग टिकतो. ही तार १०० मीटरपर्यंत चालते. मात्र दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेली तर वीज पडल्यास दोन्हीकडची यंत्रे जायची भीती असते. तिथे फायबरच बरी.

आणि एक सावधगिरी. राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करणे याला रीस्टार्ट म्हणतात. तो जरूर करा, त्याने पुष्कळ वेळा गाडी रुळावर येते. पण मागच्या बारीक भोकात काडी घालून दाबायचे ते बटण 'रीसेट'चे असते. ते दाबले की कंपनीने भरलेली सगळी माहिती पुसली जाते, आणि माणूस येईपर्यंत जे हळू चालत होते तेही बंद पडते.

दोष लाईनचा असेल तर

फायबरच्या पेटीवर 'पॉन' आणि 'एलओएस' असे दोन दिवे असतात. पहिला हिरवा आणि स्थिर हवा. दुसरा तांबडा लागला तर प्रकाश येतच नाही, तार कुठेतरी तुटली आहे. पण यांच्या मधली एक अवस्था असते. दिवा हिरवा, तरी नेट धापा टाकते. अशा वेळी लाईनमनला येणाऱ्या प्रकाशाची पातळी मोजायला सांगा. ती उणे आकड्यात असते. उणे २० च्या आसपास असेल तर चांगली. उणे २७ च्या पलीकडे गेली की लाईन तुटक चालते. कारणे साधी असतात. तार खिळ्यावर आवळली आहे, दारात चेंबली आहे, जोडाच्या टोकाला धूळ आहे. काचेचा तंतू फार वाकला की त्यातला प्रकाश बाहेर गळतो. तारेचे वेटोळे करायचेच असेल तर ताटाएवढे मोठे करा, मुठीएवढे नको.

रात्रीच वेग पडत असेल तर गर्दीचे कारण बघा. घरोघरी जाणाऱ्या फायबरच्या नेहमीच्या 'जीपॉन' पद्धतीत एका तंतूची क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस असते आणि ती बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. त्याच्याही वर, गावापर्यंत येणारी वाट अरुंद असली तर कालव्याच्या आवर्तनात सगळ्यांनी एकदम दारे उघडल्यासारखे होते. यावर घरात उपाय नाही. तो कंपनीनेच वाट रुंद करून करायचा असतो. महिन्याच्या शेवटीच वेग पडत असेल तर प्लॅनची मर्यादा संपली आहे का, ते बिलावर बघा. ती ओलांडली की वेग आपोआप कमी केला जातो.

छपरावर तबकडी लावून हवेतून नेट घेतलेले असेल तर टॉवर आणि तबकडी यांच्यामधली झाडे बघा. उन्हाळ्यात चालणारी लाईन पावसाळ्यात पालवी फुटल्यावर मंदावते, ती यामुळेच.

तक्रार तोंडी करू नका. कंपनीच्या तक्रार केंद्रावर नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून घ्या. वही सोबत ठेवा. 'तारेवर मोजले, सकाळी इतके, रात्री इतके, सलग तीन दिवस' असे सांगितले की समोरचा माणूस 'राउटर बंद-चालू करा' यावर बोळवण करू शकत नाही. तेवढ्याने भागले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. ट्रायने २०१२ च्या नियमांत ही दोन पायऱ्यांची सोय करून दिली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.

विजेचा घोळ

खेड्यात नेटच्या निम्म्या तक्रारींत वीज डोकावतेच. लाईट गेली की राउटर बंद, आली की सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे. दिवसात दहा वेळा असे झाले तर नेट सतत खंडित वाटते. राउटरसाठी छोटा बॅटरीचा यूपीएस मिळतो. तो घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. १२ व्होल्टच्या पेटीला ९ चा अडॅप्टर जोडला तर ती कधी चालते, कधी चाचरते, आणि दोष लाईनला लागतो. वळिवाच्या पावसात आभाळ गडगडू लागले की पिन काढून ठेवा. पत्र्याखालच्या उन्हातही पेटी ठेवू नका. तापली की तीही दमते.

ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांसाठी

महाराष्ट्राला गाव आणि संगणकाची ओळख नवी नाही. देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले आणि अवघ्या तीन वर्षांत, १९९८ साली, वारणानगर परिसरातल्या ७० गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचेच नाव भारतनेट झाले. राज्यात दुसऱ्या टप्प्याचे काम 'महानेट' नावाने झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात ग्रामपंचायती कड्यासारख्या जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने तार तुटली तर दुसऱ्या बाजूने काम चालावे.

पण तार तोडणारे पुष्कळदा आपणच असतो. रस्ता रुंदीकरण, पाण्याची पाईपलाईन, गटार. जेसीबीचा एक फटका बसला की चार गावांचे दाखले अडकतात. खोदाईची आगाऊ सूचना देण्यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक भाऊसाहेब, यांनी खोदाईचे काम देताना ठेकेदाराला ही अट कागदावर घालावी. फायबर कुठून गेली त्याचा साधा नकाशा कार्यालयात लावावा.

कार्यालयातही जागा बघा. दप्तराच्या लोखंडी कपाटांच्या रांगेत राउटर पुरलेला असतो. ज्या संगणकावर दाखले निघतात तो वाय-फायवर न ठेवता तारेने जोडा. गावासाठी वाय-फाय खुले करायचे तर ते वेगळ्या नावाने आणि ठरावीक वेगाची मर्यादा घालून करा. नाहीतर कट्ट्यावर बसलेल्या पोरांच्या व्हिडिओत म्हाताऱ्याचा दाखला अडकायचा.

पैसे कुठे घालावेत?

क्रम ध्यानात ठेवा. आधी मोजणी, तिला काही लागत नाही. मग राउटरची जागा, तीही फुकट. मग पासवर्ड आणि यादी. मग खराब तार किंवा अडॅप्टर, खर्च किरकोळ. मग यूपीएस. पेटी फार जुनी, एकाच पट्ट्याची असेल तर नवी दोन पट्ट्यांची. आणि सगळ्यांत शेवटी मोठा प्लॅन, तोही तारेवरची मोजणी पूर्ण भरत असेल आणि तरी घराला कमी पडत असेल तरच.

मोटर पाणी ओढत नसेल तर शेतकरी आधी फूटव्हॉल्व्ह बघतो, मग फ्यूज, मग कारागिराला बोलावतो. तीच रीत इथेही लावा. आठवडी बाजाराला जाण्याआधी एक वही घ्या, आजच रात्री नऊला पहिला आकडा लिहा, आणि तीन दिवस थांबा. चौथ्या दिवशी तक्रार कुणाकडे करायची, ते वहीच सांगेल.